शेवटची चाळीस मिनिटं

३ एप्रिल, उमरगा
आले एकदाची! धाराशिवपासून एसटीत उभं राहून कंबरेचा काटा ढिला झाला, पण नोकरी लागली बाई. हायवेला लागून गौरीशंकर अण्णांचा फोटो स्टुडिओ, वरच्या खोलीत माझा मुक्काम. अण्णा अर्धं वाक्य मराठीत, अर्धं कन्नडात बोलतात. माणूस मात्र देवमाणूस. शूटिंग त्यांच्याकडं, एडिटिंग माझ्याकडं. निघताना आई म्हणाली, समृद्धी, तुझ्या तोंडापायी आठ दिवस पण टिकायची न्हाईस. बघूच!

५ एप्रिल
पहिलं गिऱ्हाईक महादेवीकाकू. साठीच्या पुढच्या, कपाळभर विभूती, आवाज खणखणीत. त्यांचे मालक हणमंतप्पा, भुसार मालाचे व्यापारी, महिन्यापूर्वी वारले. पुतण्या सिद्धारामनं सगळा अंत्यविधी मोबाईलवर काढला आणि मेमरी कार्डात भरून दिला. काकूंना मोबाईल नको. मालकांनी हौसेनं आणलेला डीव्हीडी प्लेअर आहे, त्यातच बघायचं. तो जुना खोका मोबाईलची फाईल घेत नाही, म्हणून ती बदलून डिस्कवर उतरवायची. एक क्षण पण गाळू नको, असं काकूंनी तीनदा बजावलं. व्हय काकू, म्हटलं तीनदा.

७ एप्रिल
फाईल दोन तास चाळीस मिनिटांची निघाली. एका डिस्कवर दोन तास धड बसतात. दुसरी डिस्क करत कोण बसणार? या लिंगायत लोकांत माणसाला मांडी घालून बसवून पुरतात. हणमंतप्पा खड्ड्यात ताठ बसलेले, डोळे मिटलेले, अंगाला विभूती, मांडीत बेलाची पानं. त्यापुढं चाळीस मिनिटं नुसती माती! एकेक जण येतो, मूठ टाकतो, बाजूला होतो. तेवढं कापलं. डिस्क संपते ती त्यांच्या बसण्यावर, आणि खरं सांगते, शेवट झकास दिसतो. कॉम्प्युटरवरची मूळ फाईल उडवली, आणि अण्णांना लग्नाच्या शूटिंगला कार्ड हवं होतं, म्हणून ते पण पुसून ठेवलं.

११ एप्रिल
काकू तणतणत आल्या. माती कुठं गेली म्हणे. मी बेधडक सांगितलं, फाईलच तेवढी होती. त्या म्हणाल्या, पहिली मूठ मी टाकली, मला शिकवतीस व्हय गं? मग एकदम आवाज खाली आणला. मालक घरी आलेत म्हणाल्या. टीव्हीपुढं मांडी घालून बसलेत, जेवत न्हाईत, बोलत न्हाईत. एकदाच बोलले, मला माती मिळाली न्हाई.

मला हसू फुटलं. तोंडावरच हसले त्यांच्या. काकूंनी डिस्क टेबलावर ठेवली. आता तूच सांभाळ त्यांना, म्हणाल्या आणि निघून गेल्या.

१३ एप्रिल
अण्णा लग्नाच्या ऑर्डरीला बसवकल्याणला गेलेत. भर दुपारी खाली उतरले तर माझ्या खुर्चीवर विभूतीचे डाग आणि एक बेलाचं पान, हिरवंगार. म्हातारीचाच चावटपणा, दुसरं काय! पण कुलूप माझ्या हातानं उघडलं होतं.

डिस्क लावून बघितली. दोन तासांवर संपायला पाहिजे. संपेना. २:०१, २:०२, घड्याळ पुढंच. हणमंतप्पा बसलेले. डोळे उघडे. मी वायर उपटली.

१४ एप्रिल
सिद्धारामला फोन केला. त्यानं मोबाईलमधून कधीच पुसलंय. माझ्या काकाची माती गाळलीस तू, म्हणाला, आणि नको नको ते बोलला. मी ऐकून घेतलं. चुकलं माझं. मग काकूंना फोन करून खरं सांगितलं, रडले पण. त्या एवढंच म्हणाल्या, ज्याची माती तू ठेवून घेतलीस, त्याला तूच दे.

नशीब, अण्णा ते कार्ड ड्रॉवरातच विसरून गेलेत; पुसलेलं परत मिळवायला रिकव्हरीला लावलंय. भीती वाटते. त्या खुर्चीकडं बघवत न्हाई.

१५ एप्रिल
मिळाली! चाळीसच्या चाळीस मिनिटं. उघडली—

तोच खड्डा. तीच माणसं, सगळ्यांच्या मुठी भरलेल्या. कुणी टाकत न्हाई. खड्डा रिकामा आहे.

सगळे माझ्याकडं बघतायत. रांगेत पहिले हणमंतप्पा उभे. मूठ भरलेली.

१६ एप्रिल, दुपार
डिस्क आपोआप लिहिली जायला लागली. मी काही दाबलं न्हाई. बंद होत न्हाई. १२ टक्के.

शटर वर केलं, दारात काकू. हात जोडले. म्हटलं, दोन डिस्क करते, चार करते, एक क्षण गाळत न्हाई. त्या म्हणाल्या, बस पोरी. नीट मांडी घाल.

पाय आपसूक दुमडले. उठता येत न्हाई.

पडद्यावर खड्ड्यात कुणीतरी बसलंय. पिवळा ड्रेस. आज मी पण—

४० टक्के. पडद्यावर हणमंतप्पांनी मूठ उघडली. वहीवर माती पडली. खरी. ओली.

काकू टाकतायत. सिद्धाराम. रांग हायवेपर्यंत—

७५. छातीपर्यंत. वही वर धरलीय. अण्णा, लवकर या हो—

९४. शिव्या नाही देत कुणी, हसत पण न्हाई. एकेक मूठ, शांत—

आई म्हणायची, तुझं हे तोंड एक दिवस—