डावीकडे एक, उजवीकडे एक

प्रिय इन्स्पेक्टरबाई,

आमच्या गावच्या शाळेत गुरुजींनी शिकवलं होतं की पत्रात आधी खुशाली लिहावी, मग काम. तर आम्ही दोघं बरे आहोत. आईचा गुडघा कुरकुरतो, पण तिच्यापेक्षा कमीच. आता काम. तुझी गाडी आठवडाभर गॅरेजच्या मधोमध उभी आहे आणि मी तिच्याभोवती घिरट्या घालतोय.

पार्टवाल्याने दोन्ही बॉडी किट, म्हणजे गाडीला बाहेरून चढवायचे साज, बघायला म्हणून पाठवली आहेत. एक साधं. पुढच्या बंपरखाली लिपची पट्टी, दोन्ही बाजूंना दारांखाली साइड स्कर्ट, मागे डिकीवर छोटा स्पॉयलर. सगळं स्क्रूवर बसतं, नको वाटलं तर काढून ठेवता येतं. दुसरं तुझं ते रुंद, चाकांवर खांदे काढलेलं. त्यासाठी मागचा पत्रा कापावा लागतो, आणि कापलेला पत्रा पुन्हा पहिल्यासारखा होत नाही. यावरून आपण किती भांडलो. मी म्हणायचो, एवढी देखणी जपानी गाडी, तिला कापायची कशाला. तू म्हणायचीस, बाबा, आयुष्यभर तुम्ही गाड्या पुन्हा होत्या तशा करून दिल्यात, एखादी नव्हती तशी करून बघा ना. पेंटरकाका हातातली रंगाची बंदूक खाली ठेवून ऐकत बसायचे. दाराच्या फटीवरून नख फिरवून इथे जास्त आहे, तिथे कमी आहे, असं तू त्यांना सुनवायचीस, म्हणून तर त्यांनी तुझं इन्स्पेक्टरबाई हे नाव ठेवलं.

आणि परवा मी फोनवर विचारलं, कुठलं बसवू, तर म्हणालीस, तुम्हीच ठरवा, कुठलंही चालेल. आई म्हणाली, जिंकलात की, मग तोंड पाडून का बसलात? लहानपणी चपलेचा रंग ठरवताना तू दुकानदाराला घाम फोडायचीस. कुठलंही चालेल हे तुझ्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं.

मग पेंटरकाकांना म्हटलं, आपण दोन्ही लावून बघू. डावीकडे एक, उजवीकडे एक, नुसत्या मास्किंग टेपने. डावीकडून गाडी शहाण्या मुलीसारखी दिसत होती, उजवीकडून अंगावर येत होती. समोर उभं राहिलं तर हसू यायचं. फोटो काढून तुला पाठवले. पाठवल्यावर लक्षात आलं, घाईत आम्ही डाव्या बाजूला उजवीकडचा स्कर्ट लावला होता. त्याचं वर उचललेलं टोक मागच्या चाकापाशी हवं, ते पुढच्या चाकापाशी आलं होतं. पेंटरकाका म्हणाले, संपलो, आता फोन येणार आणि दोघांची हजेरी घेतली जाणार. मी फोन हाताशी घेऊन बसलो. तुझा निरोप आला, छान आहे.

ही मघाची ओळ लिहून उठलो आणि उगाच गॅरेजमध्ये चक्कर मारून आलो. लिहायला बसलं की उठावंसं वाटतं, उठलं की बसावंसं.

पुढचं सांगतो. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम स्पॉयलर उलटा टेकवला, वरची बाजू खाली. पेंटरकाकांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू माझ्या डोक्यावर परिणाम झालाय. तोही फोटो पाठवला. त्यावरही तुझं तेच, छान. रस्त्यावरून जाणाऱ्या पोरानेही हसावं असा तो फोटो होता. तू तो पाहिलाच नाहीस, किंवा पाहिलास आणि तुला काहीच वाटलं नाही. दुसरंच असावं, आणि त्याचीच मला भीती वाटते.

आधी तुझ्या दर दुसऱ्या वाक्यात तुझा तो मित्र यायचा. आम्ही त्याला कधी पाहिलं नाही, तरी त्याला चहा किती गोड लागतो हे आईला पाठ झालं होतं. हल्ली तो तुझ्या बोलण्यात नसतो. आईने विचारलं तर तू विषय तिच्या गुडघ्यावर नेलास. बरं, तेही राहू दे. सकाळी देवापुढे बसतो तर मन लागत नाही. तुझ्यासाठी नेमकं काय मागावं कळत नाही. आज शेवटी म्हटलं, तिला कशाचा तरी राग येऊ दे. लेकीला राग येऊ दे म्हणणारा बाप देवानेही पहिल्यांदाच पाहिला असेल.

किटचं मी काही ठरवलेलं नाही. पार्टवाला सकाळ-संध्याकाळ एक परत मागतोय, त्याला म्हटलं, गाडी जिची आहे ती येईपर्यंत दोन्ही इथेच राहतील, आणि तुला ओरडायचं असेल तर माझ्यावर ओरड.

फोन असताना पत्र का, असं तुला वाटेल. फोनवर तू बरी आहे म्हणतेस, मी बरं म्हणतो, आणि आपण दोघंही खोटं बोलून मोकळे होतो. शनिवारी दुपारी मी तुझ्याकडे येतोय. काय झालं ते सांगावंसं वाटलं तर सांग, नाहीतर मी खिडकीशी खुर्ची ओढून बसेन, तू झोप हवी तितकी. रविवारी आपण दोघं मिळून परत येऊ. फोनवर सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, कशाला बाबा उगाच, आणि मी ऐकलं असतं. म्हणून हे आधी पत्रपेटीत टाकतो.

तुझाच,
बाबा