पाठमोऱ्या गृहस्थांची गोपनीयता

सोमवार, ६ ऑक्टोबर २०२५
साप्ताहिक 'खाडीवारा'च्या पहिल्या पानावर माझे छायाचित्र. गाढी नदीच्या पुलावरून नवरात्रातील निर्माल्याची पिशवी सोडताना. ('फेकताना' हा संपादकांचा शब्द अतिरंजित आहे.) मथळा: 'हेच का सुशिक्षित पनवेलकर?' चित्र पाठमोरे, नाव नाही. तथापि शर्टाच्या इस्त्रीवरून कोणीही ओळखेल. खाजगीपणाच्या अधिकाराचा हा उघड भंग होय. पुढील महिन्यात मुलगी आभा हिचा साखरपुडा. तिचे होणारे सासरे, आपटा गावचे दीनानाथराव, पाताळगंगा नदी स्वच्छता मंडळाचे अध्यक्ष. त्यांना कळता कामा नये. कायदेशीर मार्ग अवलंबणार.

बुधवार, ८ ऑक्टोबर
वकील हेतल शहा यांना भेटलो. म्हणाल्या, "काका, चेहरा नाही, नाव नाही. गप्प बसा, दिवाळीत लोक विसरतील." नव्या पिढीत लढाऊ वृत्ती उरलेली नाही. बी.कॉम.ला मला व्यापारी कायदा होता. मसुदा स्वतः करीन.

सोमवार, १३ ऑक्टोबर
जाहीर नोटीस 'खाडीवारा'तच दिली. ज्यांनी छायाचित्र पाहिले, त्यांनाच ताकीद मिळणे तर्कशुद्ध. 'तमाम जनतेस कळविण्यात येते की, गत अंकातील पाठमोरे गृहस्थ आम्ही, शैलेश दांडेकर, बी.कॉम., राहणार पनवेल, असून आमची ओळख कोणीही उघड करू नये.' भाषा निर्दोष. पत्नी दमयंती म्हणाली, "अहो, दवंडी पिटायची तेवढी राहिली होती!" कायद्याची भाषा घरात कोणाला कळत नाही.

मंगळवार, १४ ऑक्टोबर
संपादक मिथुन यांचा फोन. "काका, आमाला तरी कुठं म्हाईत होतं कोन हाय त्यो! पुढच्या अंकाला समोरून फोटू देता काय?" प्रेस कौन्सिलकडे तक्रार धाडली.
दुपारी दीनानाथरावांचा फोन. "फोटो आम्हीच मंडळाच्या ग्रुपवर फिरवला होता हो. तुम्ही असाल, हे मनातही आलं नाही." फॉरवर्ड करणे हाही भंगच, हे मी नम्रपणे समजावले. "बरं, लक्षात ठेवतो," म्हणून त्यांनी फोन ठेवला. बहुधा पटले.

सोमवार, १० नोव्हेंबर
'खाडीवारा'विरुद्ध कोर्टात केलेला मनाई हुकमाचा अर्ज फेटाळला. न्यायाधीश म्हणाले, ओळख वादीनेच जाहीर केली, आता झाकायचे काय? बंद दालनातील सुनावणीही अमान्य. कौन्सिलचे उत्तर: प्रथम संपादकांस लिहावे. कोर्टाचा आदेश संकेतस्थळावर, माझ्या पूर्ण नावासह.

सोमवार, १७ नोव्हेंबर
'खाडीवारा'त निकालाची बातमी. कोर्टाच्या पायऱ्यांवरील माझे छायाचित्र, या वेळी समोरून.
आभा म्हणाली, "बाबा, पिशवीचं काही नाही हो. 'चुकलं' म्हणाला असतात तर सासरे हसून सोडून देणार होते." भावनिक युक्तिवाद. अपील करणार.

रविवार, २३ नोव्हेंबर
साखरपुडा मोडला नाही. दीनानाथराव सज्जन. आपट्याच्या हॉलमध्ये त्यांनी फोटोग्राफरला सर्वांदेखत बजावले, "व्याह्यांना फोटो चालत नाही. कोर्टात गेलेत. त्यांना अजिबात घेऊ नकोस." आवाजात टोमणा नव्हता. मी आभाशेजारी उभा राहिलो की तो कॅमेरा खाली घेई आणि सगळे ताटकळत. शेवटी मीच स्टेजवरून उतरलो.
सायंकाळी दमयंतीने मोबाइलवर सगळे फोटो दाखवले. छान आले आहेत. एकातही मी नाही.
कोणाविरुद्ध दाद मागावी, सुचत नाही.