दादाच्या सहीची पत्रं

३ मार्च

मोठ्या प्रकाशनाचे साहेब येऊन गेले. त्यांना म्हणे आमच्या छोट्या प्रकाशनाची ई-पुस्तकांची पद्धत हवी आहे! पद्धत कसली डोंबलाची — वाचकानं चूक कळवली की दादा ती सुधारायचा, नवी प्रत सगळ्या वाचकांना पाठवायचा आणि चूक दाखवणाऱ्याला ई-मेलवर स्वतः पत्र लिहायचा. त्या पत्रांवरच आमचा वाचक टिकला.

"आमची दोन हजार पुस्तकं आहेत. जमेल का हो तिथे?" विचार करून सांगते म्हटलं.

"भाऊ कुठे आहेत तुमचे?" — "बाहेरगावी." तोंडातून निघूनच गेलं.

५ मार्च

दादा जाऊन सात महिने झाले. पत्रं मी लिहिते, सही त्याची. पहिल्या वेळी 'तो गेला' हे लिहायला हात धजला नाही, म्हणून वेळ मारून नेली. मग सुटता सुटेना.

आज त्याच्या खुर्चीत बसले आणि लिहिण्याआधी दोनदा खोकले — अगदी त्याच्यासारखी! अंगावर काटा आला.

६ मार्च

खुर्ची बदलली. खोकला तोच.

९ मार्च

साहेबांचा फोन. "दहा जण बसवतो लिहायला. सही सगळ्या पत्रांवर दादांचीच. वाचकाला काय कळतंय!"

असा संताप आला! पण रागावू कुठल्या तोंडानं? मी तरी दुसरं काय करतेय? दादाला मीच जाऊ देत नाहीये. आता आणखी दहा जण त्याला धरून ठेवणार. तरी हो म्हटलं. करारावर सही परवा.

१० मार्च

शाळेतून निवृत्त झालेल्या एका बाईंचं पत्र. सर्वांत जास्त चुका याच काढतात. दादा त्यांना 'आपली मास्तरीण' म्हणायचा. "तुमच्या नव्या कादंबरीत तिसऱ्या प्रकरणात वारलेले काका सातव्यात चहा पितात. त्यांना आता जाऊ द्यावं, असं मला वाटतं."

आधी हसले. मग शेवटचं वाक्य पुन्हा वाचलं. दादाच्या सहीनं आभार मानले.

११ मार्च

बाईंचं उत्तर. "दादा गेल्याचं तुमच्या पहिल्याच पत्रावरून कळलं होतं. ते माझ्याही पत्रातली एक तरी चूक दाखवायचे. तुम्ही नुसते आभार मानता. बहिणीबद्दल ते नेहमी लिहायचे; तुम्ही एकट्या पडू नये म्हणून मी लिहीत राहिले."

खूप रडले. साहेबांना कळवलं — तुमच्याकडे नाही जमायचं. वाचकाला सगळं कळतं.

बाईंच्या पत्रात एक चूक सापडली. दाखवली. खाली माझी सही केली.