राजा झोपला असता तर

आर्णी
१४ सप्टेंबर २०२५

चि. सौ. बबितास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

इकडे आम्ही तिघंही बरे आहोत. सोयाबीन शेंगांनी भरलंय, तुझे भाऊजी खुशीत आहेत. हातात फोन असताना पत्र लिहिते म्हणजे ताईला वेड लागलं, म्हणशील. पण फोन आला की सलोनी कानाशी येऊन बसते, म्हणून लिहिते.

मागच्या रविवारी तिला घेऊन यवतमाळला सिनेमाला गेले. बायबलमधल्या कुण्या न्यायी राजाचा होता, हिंदीतून. जाहिरातीतले हत्ती पाहून पोरीनं आठ दिवस माझं डोकं खाल्लं होतं. काय सांगू तुला, नाव मोठं लक्षण खोटं! अडीच तास नुसत्या लढाया, सोन्याचे खांब आणि राणीचे नाच. ज्या गोष्टीसाठी त्या राजाचं नाव, ती दोन बायांची गोष्ट आमचा समोसा संपायच्या आत संपली. दोघी म्हणतात, लेकरू माझं. राजा म्हणतो, चिरून अर्धं अर्धं वाटा. एक म्हणते, चिरा. दुसरी म्हणते, नको, तिलाच देऊन टाका. मग राजा ओळखतो की सोडणारी तीच खरी आई. आणि ते लेकरू चक्क प्लास्टिकचं, पापणीसुद्धा हलेना! अख्खी टॉकीज हसली.

मी नाही हसले. मी सलोनीला जवळ ओढून घेतलं.

परतीच्या बसमध्ये सलोनी आईला बिलगावं तशी मला बिलगून म्हणाली, "याडी, त्या बाईनं सोडलं तवा राजा झोपला असता तं? दुसरी घेऊन गेली असती ना लेकराले?"

"झोप तू," मी म्हटलं.

"सांग ना. मंग खऱ्या आईनं काय केलं असतं?"

मी तिचा हात एवढा दाबून धरला की "दुखून राह्यलं ना!" म्हणून ओरडली.

तेव्हापासून भीती अंगातून उतरतच नाही. दारात गाडी थांबली की वाटतं, तुझे देवसिंगजी तिला न्यायला आले. पोळ्याला फोनवर त्यांनी सहज म्हणावं तसं म्हटलं, दिवाळीत येतो, पुढच्या वर्षी पोरीला पाचवीला पुण्यातच घालू. मी "बघू" म्हटलं. गॅसवर दूध उतू गेलं तरी मला कळलं नाही.

बबिता, सव्वा महिन्याची होती ती, तू माझ्या ओटीत घातलीस तेव्हा. माझी कूस उजवत नव्हती म्हणून. कागद कुणी केला नाही. बहिणीबहिणीत कसला कागद, असं आपले बापूच म्हणाले होते. आता त्या राजाचा न्याय लावला तर खरी आई तूच. तू सोडलंस. मी नऊ वर्षांत एक दिवस तिला सोडलेलं नाही. त्या खोट्या आईसारखी धरून बसले आहे.

अजून एक. तू शाळेसाठी तिचा जन्मदाखला मागितलास, मी हरवला म्हणाले. खोटं बोलले. आईच्या रकान्यात तुझं नाव आहे, म्हणून गव्हाच्या कोठीत तळाशी दाबून ठेवला होता. ह्यांनाही सांगितलं नाही. एकदा तर तो समोर ठेवून काडेपेटी घेऊन बसले होते.

तो दाखला या पत्रासोबत पाठवते आहे. माझं मन मोठं झालं म्हणून नाही. तुमच्या-आमच्या ओढाताणीत पोरगी भरडली तर मला जगता येणार नाही, म्हणून. पण खूप भीती वाटते गं. त्या बाईच्या समोर निदान राजा तरी बसला होता. इथे मी हात सोडला, तर बघणारं तुझ्याशिवाय कुणी नाही. काय तो न्याय आता तूच कर.

सलोनीला यातलं काही ठाऊक नाही. मावशी दिवाळीला येणार म्हणून ती दिवस मोजते आहे.

सलोनीची...
नाही, तुझीच
हंसाताई