आईचं काम करणारी बाई

४ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. गुडघा दुखतोय हे तू शेवटच्या ओळीत, कागदाच्या कडेला बारीक अक्षरात लिहिलंस, आणि मी नेमकं तेच आधी वाचलं. दिवसभर कपड्यांच्या कारखान्यात कटिंगच्या टेबलाशी उभी राहतेस, मग गुडघा काय करील? मालकांकडून एक उंच स्टूल मागून घे. नाही म्हणाले तर मला कळव, मी नर्स आहे, त्यांना धडकी भरेल अशा भाषेत चिठ्ठी लिहून देते. फोन मुद्दामच केला नाही. मशिनच्या आवाजाने तुझे कान गेलेत आणि फोनवर तू नुसतं हो-हो करतेस.

आता महत्त्वाचं. गेल्या महिन्यात दोन सिनेमे झाले. पहिला जुळ्या भावांचा, एक वकील आणि एक चोर. कोण कुठला हे शेवटपर्यंत मला कळलं नाही आणि मला वाटतं दिग्दर्शकालाही. दहापैकी तीन, त्यातला एक मध्यंतराला. दुसरा दीपगृहाच्या रखवालदाराचा. दोन तास माणूस समुद्राकडे बघतो. माझ्या शेजारचे गृहस्थ घोरत होते, पण लाटांशी इतकं जमलं होतं की मी खपवून घेतलं. सात. तू नऊ दिले असतेस. तुला कमी बोलणारी माणसं आवडतात, लग्नही तसल्याशीच केलंस. भावोजी असते तर सिनेमा न बघता नुसत्या पोस्टरवरून गुण सांगून मोकळे झाले असते. जन्मभर थिएटरांची पोस्टरं रंगवलेल्या माणसाला आत जायची गरजच काय.

तुझ्या बाळ्याने काढलेला सिनेमा पुढच्या शुक्रवारी इथे लागतोय. जाहिरातीत रंगारी बाप आणि मुलाची गोष्ट असं म्हटलंय. म्हणजे भावोजीच की. पहिल्या खेळाला तुला बोलावलं असेलच. काय नेसलीस, कुठे बसलीस, सगळं लिही.

आहे ती माया कमी करू नकोस.
तुझी,
चिमी

९ फेब्रुवारी

चि. चिमीस,
अ. उ. आ.

स्टूल मिळालं. चिठ्ठीची वेळ आली नाही. पण स्टुलावर बसून कात्री नीट चालत नाही, म्हणून त्यावर आता माझा डबा बसतो.

तुझ्या चोर-वकिलाला मी दोनच देईन. आमच्याकडे एक भुताचा लागला होता, तो मी कामावरच्या बायकांबरोबर पाहिला. भूत बरं होतं, माणसं वाईट होती. चार. काजंवाली बाई घाबरून माझ्या दंडाला अशी लटकली की अजून वळ आहेत.

बाळ्याने पहिल्या खेळाला बोलावलं नाही. फोनवर म्हणाला की तिथे गर्दी, फोटोवाले, तुला ऐकूही येणार नाही, मीच एकदा घरी येऊन तुला निवांत दाखवतो. मला पटलं. मोठी माणसं येणार, त्यात मी कुठे कानामागे हात धरून बसू? पण बायकांना दम कुठला. सगळ्या कटिंग विभागाने रविवारची तिकिटं काढली आहेत आणि मला मधली खुर्ची ठेवली आहे. सुपरवायझरबाई सगळ्यांना सांगत सुटल्या आहेत की ज्याच्यावर सिनेमा काढलाय त्याची बायको आपल्यात आहे.

चिमे, खरं सांगू का, थोडी धाकधूक आहे. यांचं आजारपण पडद्यावर बघवेल की नाही कोण जाणे. यांचा उजवा हात गेला ते, डाव्या हाताने ब्रश धरायला शिकले ते. बाळ्या तेव्हा इथे नव्हता, पण त्याला फोनवर सगळं सांगत होते मी. तेवढ्यावरून त्याने उभं केलं असेल तर पोरगा हुशार म्हणायचा.

तू शुक्रवारी पाहशील ना? लगेच गुण कळव. हातचं राखू नकोस, भाचा म्हणून वाढवूही नकोस.

सुखी राहा आणि ताईला लिहीत राहा.
तुझी,
ताई

१३ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हे पत्र टपालाने नाही, आमच्या रुग्णवाहिकेच्या चालकाबरोबर पाठवतेय. तो उद्या तुमच्या गावावरून जाणार आहे. रविवारच्या आत तुला मिळावं म्हणून.

सिनेमा पाहिला. छायाचित्रण सुंदर. वडिलांचं काम करणारा नट हुबेहूब भावोजी, मान कलती ठेवून बघायची लकबसुद्धा उचललीय. लोक रडत होते. आठ गुण.

आता माझं एक ऐक. रविवारी जाऊ नकोस. त्या थिएटरच्या खुर्च्या तुझ्या गुडघ्याला झेपायच्या नाहीत. महिनाअखेरीस मला रजा आहे, तू इकडे ये, मग ठरवू. आईचं काम करणारी बाई कसलेली आहे, पण ती तू नाहीस. सिनेमात लोक काहीबाही घालतात. एवढं डोक्यात ठेव आणि बायकांना काहीतरी कारण सांग.

रागावू नकोस.
तुझीच,
चिमी

१८ फेब्रुवारी

चिमे,
आशीर्वाद.

तुझं पत्र शनिवारीच मिळालं होतं. तरी गेले. खुर्च्यांना काही झालं नव्हतं.

सिनेमा असा आहे. रंगारी आजारी पडतो. शहरात शिकणारा मुलगा सगळं सोडून घरी येतो. बापाला कुशीवर वळवतो, अंग पुसतो, चमच्याने भरवतो. आई सकाळी दार ओढून कामावर जाते ती संध्याकाळी येते आणि आल्या आल्या वास येतो म्हणून खिडकी उघडते. एकदा चादरीला रंग लागलेला बघून ती यांचे ब्रश कचऱ्यात टाकते. मुलगा ते काढून आणतो, दांड्याला फडकं गुंडाळून शिवतो, बापाच्या डाव्या हातात देतो. बाप एक पिवळी रेघ ओढतो आणि मरतो.

मागच्या खुर्चीवरच्या अनोळखी बाईने मला रडताना पाहिलं आणि आपला रुमाल दिला. वर म्हणाली की असल्या बायकांना नवरा कशाला मिळतो. मी रुमाल घेतला, चिमे. दुसरं काय करणार होते.

ते ब्रश खरे आहेत. हे गेल्यावर बाळ्या आठवण म्हणून घेऊन गेला होता ते. दांड्यावरची ती निळी फ्लॅनेलची पट्टी कामावरच्या कापडातली आहे. ती मी गुंडाळली होती, टाकेही माझे, यांच्या बोटांची पकड बघून बघून तीनदा उसवून घातलेले. एवढ्या मोठ्या पडद्यावर माझे टाके दिसले, आणि ते घालणारा हात त्याचा.

एक गोष्ट मात्र त्याने खरी दाखवली. निघताना मी मागे वळून बघत नसे. वळले असते तर कामावर गेले नसते, आणि कामावर गेले नसते तर औषधं बंद झाली असती. सकाळी पुसून, पालटून, भरवून निघायचे, दुपारच्या सुट्टीत पळत येऊन पुन्हा कूस बदलायचे. तूच शिकवलंस मला माणूस कसा वळवायचा. पाठीवर एक जखम होऊ दिली नाही, तू तपासून म्हणाली होतीस. आणि बाळ्या त्या सगळ्या काळात दोनदा आला. दुसऱ्यांदा आला तेव्हा वळवायला कुणी नव्हतं.

बायका येताना सगळ्या बोलत होत्या, पण माझ्याशी नाही. काजंवालीने तेवढा माझा हात धरला होता.

आणि तू आठ दिलेस. तुला सगळं ठाऊक असताना.

ताई

२२ फेब्रुवारी

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

मावशीचा फोन आला होता. ती जे बोलली ते मी इथे लिहीत नाही. तू सिनेमा पाहिल्याचं तिच्याकडूनच कळलं. मी तुला नीट तयारी करून दाखवणार होतो.

आई, ती तू नाहीस. ती एक व्यक्तिरेखा आहे. सिनेमाला खोलीत राहणारं एक माणूस लागतं आणि बाहेर जाणारं एक. दोन्ही आईच करते असं दाखवलं असतं तर मुलाला कामच उरलं नसतं. मी पहिल्यांदा तसंच लिहिलं होतं, पण निर्माते म्हणाले की यात गोष्ट कुठे आहे, एक बाई नुसती राबतेय. मी तेव्हा तिथे नव्हतो, ते मला रोज खातं. असतो तर काय केलं असतं, ते मी दाखवलंय. माझ्या बाजूने ती बाबांची माफीच आहे. हे तुला कळेल असं मला वाटलं होतं.

येत्या दोन तारखेला इथे सत्कार आहे. सगळे विचारतात की आई कुठे आहे. मी गाडी पाठवतो. मंचावर माझ्या शेजारी बस, काही बोलू नकोस, नुसती बस. आली नाहीस तर लोक भलते अर्थ काढतील.

आशीर्वादाची वाट पाहतो.
तुझा,
बाळ्या

२६ फेब्रुवारी

चि. बाळ्यास,
आशीर्वाद.

तू असतास तर काय केलं असतंस ते तू दाखवलंस. ते मी केलं होतं. तुला हवं होतं तर खोलीत आपल्या दोघांनाही जागा होती, खोली तेवढी मोठी होती.

गाडी पाठव. येते. तू बोलावतोस आणि मी येत नाही असं अजून तरी झालेलं नाही.

जेवत जा वेळेवर.
आई

६ मार्च

चि. चिमीस,
अ. उ. आ.

तू फोन केलास म्हणून मी तुझे आठ गुण विसरले असं समजू नकोस. पण तू त्याला चार शब्द सुनावलेस, ते बरं केलंस.

सत्काराला जाऊन आले. मोठा हॉल, गालिचा, पुढे फोटोवाले. मला मंचावर मऊ खुर्ची दिली होती. आईचं काम करणारी बाई शेजारी होती. तिने माझा हात हातात घेतला आणि कानाशी लागून म्हणाली की तिला तर बाळ्याने सांगितलं होतं, खरी आई हयात नाही. बिचारी, तिचा काय दोष. काम मात्र तिने उत्तम केलं, ते मी तिला सांगितलं.

बाळ्या बोलायला उभा राहिला. बाबांबद्दल बोलला, छान बोलला. मग माझ्या खुर्चीपाशी गुडघ्यावर बसला, माइक तोंडाशी होताच, आणि म्हणाला की आई, मी तुला कधीच माफ केलंय. सगळा हॉल उठून टाळ्या वाजवायला लागला. माणसं डोळे पुसत होती.

मी त्याच्या हातातून माइक घेतला. मला फार काही बोलायचं नव्हतं. म्हटलं, कशाबद्दल माफ केलंस तेवढं सांग.

तो फोटोवाल्यांकडे बघायला लागला. मी थांबले. वाट बघितली. मला खरंच ऐकायचं होतं, चिमे. त्याच्याकडे काही असेल, माझ्या हातून नकळत झालेलं, म्हणून थांबले. सूत्रसंचालक हसत पुढे आला, माइक काढून घेतला आणि आयांच्या मिस्कीलपणाबद्दल काहीतरी विनोद केला. लोक हसले.

गाडीत बसवताना बाळ्या म्हणाला की एक संध्याकाळ त्याची होती, ती मी नासवली. दार त्याने हळूच लावलं. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

ये लवकर.
ताई

२० मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आठ गुण मी छायाचित्रणाला आणि भावोजींच्या त्या नटाला दिले होते. सिनेमाला शून्य. हे मी त्याच दिवशी लिहायला हवं होतं, पण तू बायकांना घेऊन हौसेने निघाली होतीस आणि माझा हात चालेना.

आता दुसरं. कालच्या वर्तमानपत्रात बाळ्याची मुलाखत आहे. सत्काराच्या प्रसंगाबद्दल त्यांनी विचारलं, तर त्याने सांगितलंय की आईला हल्ली काही आठवत नाही, जुन्या गोष्टी तिच्या मनात उलटसुलट होतात, आम्ही तिला सांभाळून घेतो. मी दोनदा वाचलं. तुला दुसऱ्या कुणाकडून कळू नये म्हणून लिहिते आहे.

मी त्याला फोन लावला. तो घेत नाही. मी पुढच्या शनिवारी निघते. रजा मिळाली नाही तर न मागता निघते.

तुझी,
चिमी

२४ मार्च

चि. चिमीस,
अ. उ. आ.

तुझ्या पत्राआधी वर्तमानपत्रच पोचलं. सुपरवायझरबाईंच्या टेबलावर घडी घालून ठेवलं होतं, मी गेल्यावर त्यांनी ते खाली सरकवलं.

दुसऱ्या दिवशी मालकांनी बोलावलं. चहा मागवला, गुडघ्याची चौकशी केली. मग म्हणाले की कटिंगचं काम जोखमीचं, एक माप चुकलं की कापडाचे थरचे थर वाया, आणि या वयात विसरायला होतंच, त्यात लाज कसली. मी विचारलं, माझं कधी काय चुकलं. ते म्हणाले की चुकायच्या आधीच काळजी घेतलेली बरी. आता मला बटणांच्या टेबलाशी बसवलंय. कात्री काजंवालीकडे गेली. तिने नको म्हणून बघितलं, रडली, शेवटी घेतली. तिला घर आहे, घ्यायलाच हवी होती.

सगळ्या फार चांगल्या वागतात. माझ्याशी सावकाश बोलतात. डबा खाल्ला का म्हणून तिघीजणी विचारतात. मी खाल्ला म्हटलं तरी उघडून बघतात.

बाळ्याला मी काही लिहिलं नाही. आता मी काय लिहीन ते त्याच्या म्हणण्याला पुरावाच होईल. रागावले तर आजार, गप्प राहिले तरी आजार. मला यांच्या प्रत्येक दिवसाचं सगळं आठवतं, कुठल्या कुशीवर कण्हायचे, कुठल्या कुशीवर झोप लागायची, आणि ते सांगायची सोय राहिलेली नाही.

शनिवारी ये. संध्याकाळी कामावर घ्यायला आलीस तर फाटकापाशीच थांब, बायका असतील. घरी गेल्यावर हवं ते बोलू. पण त्यांच्यासमोर मला कशाचीही आठवण करून देऊ नकोस. त्यांना वाटेल, मला आठवण करून द्यावी लागते.

तुझ्यावरचा लोभ आहे तसाच आहे.
ताई