चहा घे, म्हणते

बाई, तुमचा इराणचा माणूस गेला, तो सिनेमे काढणारा. जाऊन तसे बरेच दिवस झाले म्हणे, पण बातमी आपल्या मराठी मंडळापर्यंत पोचायला आणि पोचल्यावर हॉल रिकामा मिळायला वेळ लागला. लग्नसराई होती. मग एका रविवारी दुपारी त्याच्या फोटोला हार घातला, त्याचा एक सिनेमा लावला, आणि सिनेमाआधी दोन शब्द बोलायला मला उभं केलं. मला काहून, तर आता हॉलचे पंखे, पडदा, स्पीकर सगळे माझ्याकडून आलेले आहेत, आणि तुमच्या वेळचा, तुमच्याजवळ बसलेला असा मीच उरलो आहे. तुम्ही त्याचं नाव क्वचितच घ्यायचात. "आपला इराणचा माणूस" म्हणायचात, जसा तो तिलवाऱ्याच्या पुलापलीकडे कुठं तरी राहतो आणि संध्याकाळच्या बसनं येऊन जाईल. मीही तसंच म्हटलं. आणि मग तुमच्यावरचा तो किस्सा सांगितला. लोक खूप हसले. त्या हसण्याबद्दलच तुम्हाला लिहायला बसलो आहे.

मला आधी तो टेबलावरचा टीव्ही आठवतो. शाळेतून मागून आणलेला, त्याच्यावर चादर टाकून उन्हाची तिरीप अडवलेली. कॅसेट दिल्लीहून कुणाच्या तरी ओळखीनं यायची आणि हातोहात परत जायची. मी तेव्हा घमापूरच्या गल्लीत एक अँप्लिफायर आणि दोन भोंग्यांवर धंदा मांडून बसलेलो, बारसं ते तेरवी, कशालाही माइक देणारा. तुम्ही शाळेत मला इंग्रजी शिकवलं होतं, म्हणजे शिकवायचा प्रयत्न केला होता, त्या हक्कानं तुम्ही मला बोलावलं. अडचण साधी होती. सिनेमा फारसीत, खाली अक्षरं इंग्रजीत, आणि समोर बसलेल्या अर्ध्या बाया नागपूर-भंडाऱ्याकडून लग्न होऊन इकडे हिंदी मुलखात आलेल्या. त्यांना मराठीसुद्धा छापलेलं नको, बोललेलं पाहिजे. मग तुम्ही मागच्या रांगेत बसून खालची अक्षरं वाचायचात आणि मराठीतून सांगायचात. "तो म्हणते, दुकान बंद आहे. ती म्हणते, मग मी थांबते." शाळेतली तुमची शुद्ध मराठी त्या अंधारात कुठं जायची कोण जाणे, आमच्या घरातली बोली यायची. तुमचा आवाज पुढं पोचेना म्हणून मी तुम्हाला माइक दिला, एक छोटा स्पीकर लावला, आणि कानाला हेडफोन लावून तुमच्या शेजारी स्टुलावर बसू लागलो. टीव्ही मला तिरपाच दिसे. खरं सांगायचं तर तुमच्या माणसाचे सिनेमे मी पाहिलेच नाहीत, ऐकले.

आणि ऐकण्यासारखेच होते ते. कानावर माझं पोट आहे बाई. भरल्या मांडवात कोणत्या स्पीकरचा कागद फाटला ते मी रस्त्यावरून सांगतो. पण ऐकणं म्हणजे काय ते मला त्या माणसानं दाखवलं. एकात एक म्हातारा सणाच्या दिवशी बायकोच्या चष्म्याची काडी जोडून घ्यायला गावभर फिरतो, सगळी दुकानं बंद. दाखवतात फक्त त्याला. पण भिंतीपलीकडे कुणी भांडतं, कुठं नळ गळतो, कोंबडी ओरडते, आणि सबंध गाव कानातून आत येतं. माणूस घरात शिरला की कॅमेरा दाराशीच थांबतो, परक्याच्या घरात न बोलावता कसं जावं, अशा रीतीनं. पहिल्या रविवारी एका लांब शांत जागी मला वाटलं आवाज गेला, म्हणून मी बटण फिरवलं. तुम्ही माइकवर हात ठेवून मला म्हणालात, "गप्प बसलेल्या माणसाचा आवाज वाढवून काय ऐकणार आहेस तू?" त्यानंतर लग्नात असो की पुढाऱ्याच्या सभेत, बटणाला हात लावताना ते वाक्य मला आठवतं. सभेत त्याचा उपयोग होत नाही, ते सोडा.

माझी माय तेव्हा चार घरची भांडी घासायची आणि रविवारी मंडळाच्या स्वयंपाकघरात चहा करायची. चहा झाला की ती दाराच्या चौकटीला टेकून खाली बसायची. तुम्ही एक दिवस उठून गेलात, पहिल्या रांगेतली खुर्ची ओढलीत आणि म्हणालात, "ताई, इथून अर्धंच दिसते. इकडे बसा." माय नाही-नाही म्हणत राहिली. शेजारी मोठ्या घरच्या बाया बसलेल्या पाहून मलाही जरा संकोच झाला होता. तुम्ही ती बसेपर्यंत सिनेमा सुरूच करू दिला नाही. मग ती तिची खुर्चीच झाली.

त्या किश्श्याच्या दिवसाचं आता नीट सांगतो. त्याच्या आधी तुमच्या समोरच्या घरी चांदीची वाटी हरवली होती. तिथं भांडी मायच करायची. त्या घरच्या काकूंनी आरडाओरडा केला नाही, पोलीस नाही, काही नाही. मायला बसवून गोड आवाजात चार शब्द सांगितले आणि उद्यापासून येऊ नको म्हणाल्या. पुढं वाटी देवघरातच निघाली, निर्माल्याच्या परडीखाली. काकू लाडू घेऊन आल्या. मायनं लाडू घेतले, डबा घासून परत केला, पण त्या घरचं काम परत धरलं नाही. हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं, तुम्हाला होतं, मलाही होतं. आणि त्याच दिवसांत ती कॅसेट आली, ऐनवेळी, सकाळच्या गाडीनं. एरवी तुम्ही आधी घरी एकदा पाहून घ्यायचात, त्या दिवशी वेळ नव्हता.

सिनेमा सुरू आहे. एक भांडी घासणारी बाई, तरुण, एका मोठ्या घरची. मालकीण तिला समोर बसवते, कपात चहा ओतते आणि बोलू लागते. हळू बोलते आहे, मायेनं. मला हेडफोनमध्ये चमचा कपात फिरताना ऐकू येतो. मालकीण बोलतेच आहे, बोलतेच आहे, आणि तुम्ही गप्प. मी तुमच्याकडे पाहतो. माइकमध्ये तुमचा श्वास येतो, लांब, आत ओढून धरलेला. चमचा थांबतो. मालकिणीचं बोलणं संपतं, आणि मग तुम्ही सांगता, "चहा घे, म्हणते."

अख्खा हॉल हसला. एवढं मोठं भाषण आणि भाषांतर काय, तर चहा घे! मागून कुणी तरी म्हणालं, "बाई, उसने इतना सब कहा और आप चाय पे निपटा दिए?" तुम्ही सरळ पुढचं वाक्य सांगू लागलात. मी सगळ्यांत जास्त हसलो. मला वाटलं, बाईंचं इंग्रजी थकलं. ज्या इंग्रजीनं मला वर्गात उभं केलं होतं ते असं तोंडावर पडलेलं पाहून मजा आली, हेही आता लिहूनच टाकतो.

तिथून तो किस्सा झाला. मी बोलका माणूस, धंदाच लोकांना खूश ठेवायचा. तुम्ही होतात तेव्हाही तुमच्यासमोर सांगितला, तुम्ही हसलात. तुम्ही गेल्यावर जास्तच सांगू लागलो. मला तुमचा आवाज हुबेहूब काढता येतो. आधी मालकिणीचं फारसी, म्हणजे तोंडाला येईल ते गोड-गोड, हातवारे करत, दमेपर्यंत, मग एकदम तुमचा आवाज, कोरडा: "चहा घे, म्हणते." पनागरच्या गोदामातले माझे पोरं, ज्यांनी तुम्हाला पाहिलंही नाही, तेसुद्धा स्पीकर ट्रकवर चढवताना कुणी जास्त बोललं की म्हणतात, "चहा घे, म्हणते." बाई, तुमचं इतकंच उरलं लोकांत. तुम्ही कितीतरी रविवार त्या माणसाला आमच्यात आणून बसवलं, आणि लोकांना आठवते ती तुमची एक फजिती, आणि ती मी चालवलेली.

आताच्या त्या रविवारी त्याच्या फोटोला हार घातल्यावर मी तेच सांगितलं, लोक तसेच हसले, आणि मग सिनेमा लागला. तोच. आता पडदा मोठा आहे, आवाज चारी बाजूंनी येतो, आणि खाली अक्षरं हिंदीत आहेत. मी मायच्या शेजारी पहिल्या रांगेत. ती आता फार थकली आहे, हात धरून आणावं लागतं, पण त्याच खुर्चीच्या जागेवर बसायचा हट्ट. मालकिणीनं चहा ओतला. आयुष्यात पहिल्यांदा मी तो प्रसंग समोरून पाहत होतो आणि वाचत होतो. ती म्हणत होती: मी तुझ्यावर आळ घेत नाही. पण तुम्हा लोकांच्या हाताला सवय असते. दुसऱ्याचं भांडं रोज घासता घासता ते कधी आपलं वाटू लागतं, तुम्हालाही कळत नाही. तुझा दोष नाही. तुझ्या आईचाही नसेल. उद्यापासून येऊ नकोस. आणि मग, त्याच आवाजात, शेवटी: चहा घे.

आवाज जरासुद्धा चढत नाही, बाई. तीच त्या माणसाची करामत. मी कानाचा माणूस, मला तो आवाज मायेचा वाटला होता. तुम्ही एका श्वासात पुढच्या रांगेतली खुर्ची पाहिलीत, खालची अक्षरं पाहिलीत, आणि जेवढं माझ्या मायला ऐकवण्यासारखं होतं तेवढंच उचललंत. खोटंही सांगितलं नाहीत. शेवटचे दोन शब्द खरेच होते.

माय माझ्याकडे वाकून विचारते, "काय म्हणून राहिली रे ते बाई?"

मी म्हणालो, "चहा घे, म्हणते."

हॉल शांत होता, माझा आवाज मागं गेला. हशा फुटला. "भैया ने फिर मार दिया!" कुणी टाळी दिली. माय हसली नाही. पडद्याकडे पाहत म्हणाली, "बाईनं बी तवा इतकंच सांगतलं होतं." मग म्हणाली, "बरं केलं."

घरी जाताना गाडीत मी विचारलं, "माय, तुले तवाच समजलं होतं?"

"त्यात काय समजाचं? कामवालीचा चमचा थांबला होता ना. असं चहाच्या बोलण्यानं थांबते काय?"

"मंग तू मले इतके दिवस बोलली काहून नाहीस? मी तो किस्सा सांगत होतो, तू समोर बसून राहायची."

ती खिडकीतून बाहेर पाहत होती. "तू हासून राहायचा," ती म्हणाली. "लोकं बी हासून राहायचे. मंग मी काय बोलू?"

यानंतर काय करायचं हा प्रश्न होता, कारण पुढच्याच रविवारी हॉलमध्ये तुमचा फोटो लावायचा होता. सेक्रेटरी घरी आला. "भैयाजी, वो चायवाला किस्सा तो होना ही चाहिए, उसके बिना बाई अधूरी हैं." मी विचार करून दमलो. खरं सांगून तुमच्या इंग्रजीवरचा डाग पुसावा, तर तुम्ही जे झाकलंत ते मला भर हॉलमध्ये उघडं करावं लागेल, आणि तेही माय पुढं बसली असताना, वाटी हरवलेल्या त्या घरच्या काकूंची नातसून चौथ्या रांगेत असताना. गप्प बसावं, तर तुमच्या फोटोखाली लोक कायमचे हसणार. धंद्यात मी पुष्कळ गाठी सोडवल्या, ही सुटेना.

शेवटी उभा राहिलो आणि म्हणालो, "तो किस्सा खोटा आहे. मी रचला होता. बाईंनी कधीच तसं केलं नाही." लोक हसले! त्यांना वाटलं हा नवा किस्सा. कुणी ओरडलं, "अच्छा, फिर असली वाला सुनाइए!" मी परत सांगितलं, न हसता. मग हळूहळू शांत झाले, आणि मला माझ्याच स्पीकरची घरघर ऐकू आली. म्हणालो, "हसायला मिळावं म्हणून एका मास्तरणीच्या नावावर मी खोटं खपवलं. बस." खाली बसलो तर कुणी माझ्याकडे पाहीना. सेक्रेटरी घाईनं चहा सांगायला गेला. माय शेजारीच होती. तिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, इतकंच.

लाज गेली असं काही वाटत नाही. एका खोट्याला दुसऱ्या खोट्यानं झाकलं; झाकणं तुमच्याकडूनच शिकलो, फक्त तुम्ही झाकलंत ते खऱ्या शब्दांनी. हे पत्र कुठं टाकणार? राहील माझ्याकडेच.

एक गोष्ट मात्र राहिली. आता तो किस्सा सांगायचा नाही, म्हणजे तुमचा आवाज काढायला मला निमित्त उरलं नाही. म्हणून आज दुपारी खोलीचं दार लावून एकदा काढून पाहिला. जमला नाही. मग लक्षात आलं, आधी श्वास घ्यायला पाहिजे होता, लांब, आत ओढून धरलेला. तो मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होता, बाई. नक्कल करताना मीच तो गाळून टाकायचो. त्यानं हशा यायला उशीर व्हायचा.