चर्चवाटेवरचं कुंपण

थॉर्नकोट, ३ मार्च १९३५

चि. सिरिल यास आजीचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र शेजारच्या एडिथने वाचून दाखवलं, उत्तरही तीच लिहिते आहे. मी टोमणा मारला की तिचा हात अडखळतो. अक्षर वाकडं दिसलं की समज.

लंडन सोडायचं ठरवून आपल्या गावात घर घेतलंस, बरं केलंस. रस्त्याचं नाव म्हणे ऑर्चर्ड अव्हेन्यू. सफरचंदाची झाडं तोडली, नाव तेवढं ठेवलं. ज्या कुरणात गाईंना भिऊन तू भोकाड पसरायचास, तिथे आता स्टेशन आहे. गाई गेल्या, बिनधास्त ये.

पण बाळा, तुझ्या मागच्या अंगणातून चर्चवाट जाते, आणि घरं बांधणाऱ्या कंपनीने तिच्यावर कुंपण ठोकलंय. तुझ्या आजोबांना, एमॉसला, याच वाटेने खांद्यावरून नेलं. जिथून मयत गेली ती वाट सगळ्यांची, असं आपल्याकडे मानतात. आता एमॉसच्या थडग्याशी जायचं तर मोटारींच्या रस्त्याने वळसा. गेल्या रविवारी निम्म्यातून परतले. पाय ऐकत नाहीत. कुंपणाला एक फाटक कर. मला जिवंतपणी तिथून जायचंय, आणि नंतरही.

नातसून मेव्हिसला आशीर्वाद. म्हातारीवर माया असू दे.
तुझी आजी, केझिया


लंडन, ९ मार्च

ती. आजीस सिरिलचा सा. न. वि. वि.

वकिलाला विचारलं. मयत नेल्याने वाट होते असा कायदाच नाही म्हणाला, आणि हसला. कुंपणाला हात लावायचा नाही, असं कंपनीने लिहून घेतलंय. शिवाय मेव्हिसने धसका घेतलाय. मी कपडे वाळत घालत असताना अंगणातून प्रेत जाणार का, असं विचारते. आजवर दोन खोल्यांत कोंडून राहिली, हे तिचं पहिलं अंगण. तिथे तिला गुलाब लावायचेत. मी तुला बसने चर्चला नेत जाईन. रागावू नकोस, लोभ आहेच तो राहू दे.
तुझा सिरिल


थॉर्नकोट, १७ मार्च

चि. सिरिल यास आशीर्वाद.

रागावले नाही. रागवायलाही दम लागतो.

मेव्हिसचं चुकत नाही. तिला सांग, कपडे वाळेपर्यंत मी थांबेन. बस मात्र नको. परवा बसमधल्या तिकिटवाल्याने मला विचारलं, आजी, या भागात नवीन का? जन्म इथे काढला, आणि आता मी नवीन.

आज कुंपणापर्यंत गेले. फळ्यांच्या फटीतून चर्चचा मनोरा दिसतो. थोडं उभं राहून परत आले. एडिथ नाक ओढतेय, मी नाही. फाटकाचं राहू दे आता.

सुखाने राहा.
आजी


ऑर्चर्ड अव्हेन्यू, ३० एप्रिल

ती. आजीस सा. न. वि. वि.

मी पहाटेच्या गाडीने जातो, परततो तेव्हा तू झोपलेली असतेस, म्हणून ही चिठ्ठी. मेव्हिस गुलाब लावायला गेली, तर अंगणात मधल्या पट्ट्यात कुदळ शिरेना. दगड असेल म्हणून तिने गवत सोललं. दगड नव्हता, तुडवून तुडवून घट्ट झालेली माती होती. इथून किती माणसं चालली रे, म्हणाली. मी आजोबांच्या मयतीचं सांगितलं. मी सगळ्यात मागे चालत होतो. दुसऱ्या दिवशी करवत तिनेच आणली. कंपनी काय म्हणायचं ते म्हणो. सुताराने फाटकाची रुंदी विचारली, तेव्हा माझ्याकडे न बघता म्हणाली, चौघं जातील एवढी. गुलाब आता दोन्ही कडांना लावलेत.

रविवारी ये. वाट पाहतो.
सिरिल


थॉर्नकोट, ६ मे

चि. सिरिल आणि चि. सौ. मेव्हिस यांस आशीर्वाद.

चार पावलांवर राहता, पण तोंडावर गोड बोलायला मला जमत नाही, म्हणून एडिथला बसवलंय.

काल फाटकातून गेले. येताना मेव्हिसने चहा दिला. पातळ होता. हे लिहू नको म्हटलं, तर एडिथने लिहिलंच.

एमॉसला सगळं सांगितलं. फाटक कोणत्या मापाचं आहे ते कळलं मला. मी मधोमध चालले, दोन्हीकडे ऐसपैस जागा उरली. दोरीवर चादर होती, तिच्याखालून वाकून गेले. अजून वाकता येतं. मेव्हिसला सांग, चादर काढायची घाई नाही.

तुमची,
आजी